बेसबॉलमधले विसरलेले खेळाडू आणि त्यांची अजब करिअर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्र. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तरी वाचू का?

वाचा की. मलाही कळत नव्हतं, क्रिकेट सोडून दुसरा खेळ टीव्हीवर लागला की चॅनल बदलायचा अशा घरात वाढलोय मी. इथे पुरेल एवढंच सांगतो. पिचर बॉल टाकतो, बॅटर मारतो, मारताना हुकला किंवा झोनमधला बॉल सोडला की स्ट्राइक, तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर आउट, आणि पिचरने चार बॉल झोनच्या बाहेर टाकले की बॅटरला पहिला बेस फुकटात मिळतो, त्याला वॉक म्हणतात, आपल्या वाइडचा थोरला भाऊ समजा. झोन म्हणजे साधारण बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतची जागा, हे डोक्यात ठेवा कारण खाली एका साडेतीन फुटी माणसाची गोष्ट येणार आहे. बेस फिरून परत घरी आलं की एक रन. मेजर लीग म्हणजे सगळ्यात वरची, मायनर म्हणजे तिच्या खालच्या, जिथून पोरं वर चढायची वाट बघत असतात. झालं, एवढंच.

प्र. इथे बेब रूथ वगैरे का नाहीत?

कारण रूथसारख्या बेसबॉलमधल्या बड्या नावांवर लिहिणारे ढिगाने आहेत. मला नाद आहे तो रेकॉर्ड बुकात ज्यांच्या नावापुढे एखादीच ओळ आहे अशा लोकांचा. बेसबॉलवाले हिशेबाच्या बाबतीत मारवाड्यालाही लाजवतील असे आहेत, एकच मॅच खेळलेल्या माणसाचीही पूर्ण नोंद असते, आणि ती ओळ बरोबरच असते, पण ती वाचून त्या माणसाबद्दल आपण जो अंदाज बांधतो तो जवळपास दरवेळी चुकतो. खालचे सगळे किस्से या एकाच कारणासाठी निवडलेत.

प्र. एकदाही बॅटिंग न मिळता कुणी मेजर लीग खेळाडू कसा काय होऊ शकतो?

आर्चिबाल्ड ग्रॅहम, टोपणनाव मूनलाइट. २९ जून १९०५, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध ब्रुकलिन, जायंट्स ११-१ ने जिंकत होते म्हणजे मॅचमध्ये काही राम उरला नव्हता, म्हणून शेवटी शेवटी मॅनेजर जॉन मॅग्रॉने याला राइट फील्डला उभं केलं. नवव्या इनिंगला याचा नंबर पुढचाच होता, बॅट घेऊन बाजूला तयार उभा, आणि त्याच्या आधीचा आउट झाला, इनिंग संपली. मग परत फील्डिंगला गेला, मॅच संपली. त्यानंतर मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच नाही. नोंद काय, तर मॅच १, बॅटिंग ०.

वाचून वाटतं, अरेरे, बिचारा. पण हा बाबा त्याच वर्षी मेडिकलची डिग्री घेऊन बसला होता! पुढे मिनेसोटातल्या चिझम नावाच्या लोखंडाच्या खाणींच्या गावात गेला आणि चाळीसेक वर्षं तिथल्या शाळांचा डॉक्टर होता. खाणकामगारांच्या पोरांचे डोळे तपासायचा, त्यांना चष्मे मिळवून द्यायचा. शाळकरी मुलांच्या ब्लड प्रेशरवर त्याने वर्षानुवर्षं मोजमापं घेतली आणि त्यावरचा पेपर १९४५ साली मुलांच्या आजारांवरच्या जर्नलमध्ये छापूनही आला. १९६५ ला गेला. त्यानंतर एका कादंबरीत आणि १९८९ च्या सिनेमात त्याचं पात्र आलं म्हणून थोडं नाव झालं, नाहीतर चिझमच्या बाहेर कोण विचारतंय.

प्र. म्हणजे हाच सगळ्यात छोटा करिअर?

नाही हो, याहून छोटा आहे. लॅरी याउंट, पिचर, ह्यूस्टन अॅस्ट्रोज, १५ सप्टेंबर १९७१. नवव्या इनिंगला त्याचं नाव अनाउन्स झालं, तो मैदानात आला, वॉर्म-अपचे बॉल टाकायला लागला आणि कोपर दुखायला लागलं. आठवडाभर आर्मी रिझर्व्हच्या ड्यूटीवर होता, हात आखडलेला. एकही खरा बॉल न टाकता परत गेला, आणि मेजर लीगमध्ये परत कधी उभा राहिलाच नाही. नाव अनाउन्स झालं होतं म्हणून नियमाप्रमाणे एक मॅच खात्यावर आहे. पिचर म्हणून नोंद, टाकलेले बॉल शून्य.

आणि त्याचा धाकटा भाऊ कोण? रॉबिन याउंट, ३१४२ हिट्स (हिट म्हणजे बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं), हॉल ऑफ फेममध्ये. दिवाळीला एकत्र जेवायला बसत असते तर काय बोलले असते असं माझ्या डोक्यात उगाच येतं. बाकी लॅरीने पुढे अॅरिझोनात जमिनी-बांधकामाच्या धंद्यात जम बसवला, त्यामुळे कीव वगैरे करायची गरज नाही.

प्र. आणि उलटं? एकच मॅच पण परफेक्ट?

जॉन पॅचॉरेक. वय १८, ह्यूस्टनची टीम, २९ सप्टेंबर १९६३, सीझनचा शेवटचा दिवस. पाच वेळा बॅटिंगला आला, तीन हिट आणि दोन वॉक, चार रन काढले, तीन जणांना घरी आणलं, पाचही वेळा आउट नाही. मग पाठीने दगा दिला, ऑपरेशन झालं, मायनरमध्ये काही वर्षं धडपडला, पण वर परत नाही. बेसबॉलमध्ये बॅटिंग अॅव्हरेज म्हणजे वॉक सोडून जितक्या वेळा बॅटिंग केली त्यातल्या किती वेळा हिट, त्यामुळे त्याचं आयुष्यभराचं अॅव्हरेज १.०००, म्हणजे शंभर टक्के. ब्रॅडमनला शेवटच्या डावात चार रन हवे होते आणि शून्यावर गेला म्हणून आपण अजून हळहळतो, इथे हा पोरगा एका दुपारी हिशेब चोख करून निघून गेला. पुढे पीटीचा मास्तर झाला.

प्र. साडेतीन फुटी खेळाडूची गोष्ट खरी आहे की थाप?

शंभर टक्के खरी, फोटो आहे. एडी गॅडेल, उंची ३ फूट ७ इंच. १९ ऑगस्ट १९५१. सेंट लुईस ब्राउन्स ही तेव्हाची रडतखडत चाललेली टीम, तिचा मालक बिल व्हेक हा पक्का जत्रेवाला माणूस, लोक स्टेडियममध्ये यावेत म्हणून काहीही करेल. त्या दिवशी लागोपाठ दोन मॅच होत्या, मधल्या वेळात एक मोठा खोटा केक आणला आणि त्यातून गॅडेल बाहेर आला, लोक हसले, टाळ्या, बरं झालं. सगळ्यांना वाटलं संपलं. आणि मग दुसऱ्या मॅचला पहिल्याच इनिंगमध्ये पाठीवर १/८ नंबर लावलेला गॅडेल छोटी बॅट घेऊन खरंच बॅटिंगला आला.

अंपायर एड हर्ली म्हणाला हे काय चाललंय, तर मॅनेजरने खिशातून सही केलेलं कॉन्ट्रॅक्टच काढून दाखवलं. कागद बरोबर होते, करणार काय. आता बघा, गुडघा ते छाती हे अंतर याचं किती असणार, त्यात तो वाकून उभा. डेट्रॉइटचा पिचर बॉब केन हसायला लागला, कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, गुडघ्यांवर बसला तरी उपयोग नाही, चारही बॉल वरून गेले. वॉक. गॅडेल दुडक्या चालीने पहिल्या बेसवर गेला, त्याच्या जागी पळायला दुसरा आला, त्याच्या पाठीवर थाप मारून हा हात हलवत बाहेर. दुसऱ्या दिवशी लीगच्या अध्यक्षांनी कॉन्ट्रॅक्ट रद्द केलं.

इथपर्यंत सगळे हसत हसत सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही, की १९६१ साली शिकागोत गॅडेलला मारहाण झाली आणि तो गेला, वय ३६. त्याच्या अंत्यविधीला बेसबॉलमधला एकच माणूस आला होता, ज्याने त्याला ते चार बॉल टाकले तो बॉब केन. मला विचाराल तर व्हेकपेक्षा केन मोठा माणूस.

प्र. एका हाताने बेसबॉल? बॉल पकडून फेकायचा कसा?

हा माझाही पहिला प्रश्न होता. पीट ग्रे, पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या भागातला, लहानपणी गाडीवरून पडून उजवा हात गेला तो कोपराच्या वर. तो डाव्या हातात ग्लोव्ह घालायचा, त्यातलं पॅडिंग जवळपास सगळं काढलेलं आणि करंगळी बाहेर. बॉल पकडला की ग्लोव्ह उजव्या थोट्या हाताखाली काखेत दाबायचा, हात त्यातून सर्रकन बाहेर ओढायचा, तेवढ्यात बॉल छातीवरून घरंगळत डाव्या तळहातात, आणि फेक. हे सगळं पापणी लवेपर्यंत. तुम्ही घरी टेनिस बॉल आणि मोजा घेऊन करून बघा, मी बघितलंय, बॉल सोफ्याखाली जातो.

१९४४ ला मेम्फिसकडून मायनरमध्ये .३३३ मारून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि १९४५ ला, निम्मे खेळाडू लढाईवर गेलेले असताना, ब्राउन्सने (हो तेच, गॅडेलवाले, पण मालक तेव्हा वेगळा) त्याला वर घेतलं. ७७ मॅच, अॅव्हरेज .२१८. आता यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो गर्दी खेचायला आणला होता, त्याच्यामुळे मॅच हरल्या, टीममधल्याही काहींचं हेच मत होतं. दुसरा म्हणतो एका हाताने २३४ वेळा बॅटिंग करून फक्त ११ स्ट्राइकआउट, हे दोन हातवाल्यांनी करून दाखवावं. पिचर्सना लवकरच कळलं की एका हाताने सुरू केलेला स्विंग याला मध्येच आवरता येत नाही, म्हणून बाक घेणारे हळू बॉल टाकायला लागले आणि तिथे तो अडकला. स्वतः ग्रेला लोकांनी कौतुकाची वस्तू म्हणून बघितलेलं बिलकुल आवडायचं नाही, त्याला फक्त बॅटर म्हणून मोजलेलं हवं होतं. लढाई संपली, बाकीचे परत आले, याची जागा गेली.

प्र. बॅट नाही, ग्लोव्ह नाही, फक्त पळण्यासाठी ठेवलेला खेळाडू होता म्हणे?

हर्ब वॉशिंग्टन! माझा लाडका. धावपटू, साठ यार्डांच्या इनडोअर शर्यतीचा वर्ल्ड रेकॉर्डवाला. ओकलंडच्या टीमचा मालक चार्ली फिनली याच्या डोक्यातून निघालेली कल्पना, की रनर म्हणून एक वेगळाच माणूस ठेवू. आपल्याकडे जखमी बॅट्समनला रनर मिळायचा ना, २०११ मध्ये आयसीसीने बंद केला तो, तसं, पण इथे तोच पूर्णवेळ नोकरीला. १९७४ आणि ७५ मिळून १०५ मॅच, ३३ रन, ३१ बेस चोरले (म्हणजे पिचर बॉल टाकतोय तेवढ्यात पळून पुढचा बेस गाठला) आणि बॅटिंग शून्य, फील्डिंग शून्य. त्याच्या कार्डावर, ते गोळा करायचे फोटोवाले पत्ते असतात ना, त्यावर जागा म्हणून 'पिंच रनर' छापलंय.

आता गंमत म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान माणूस जरी असला तरी बेस चोरायला नुसता वेग पुरत नाही, पिचरच्या खांद्याची, टाचेची हालचाल वाचता यावी लागते आणि ते वर्षानुवर्षं खेळूनच येतं. १९७४ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे सीझनच्या शेवटी होणाऱ्या फायनलची, दुसरी मॅच, नववी इनिंग, ओकलंड एका रनने मागे, वॉशिंग्टनला पहिल्या बेसवर पाठवलं, सगळ्या देशाला माहीत होतं हा पळणार. डॉजर्सचा पिचर माइक मार्शल पट्टकन वळला, पहिल्या बेसवर बॉल, वॉशिंग्टन आउट. ३१ यशस्वी चोऱ्यांपेक्षा लोकांना हेच आठवतं. सिरीज ओकलंडनेच जिंकली, त्यामुळे चॅम्पियनची अंगठी आहे त्याच्याकडे. नंतर मॅकडोनाल्ड्सची बरीच दुकानं काढली, चांगला पैसा केला.

प्र. सगळ्यात फास्ट पिचर कोण?

रेकॉर्डप्रमाणे वेगळी नावं येतील. पण ज्यांनी डोळ्यांनी बघितलं त्यातले बरेच जुने लोक स्टीव्ह डल्कोव्स्कीचं नाव घेतात, आणि तो मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळलेला नाही. साधा, चष्मेवाला, मध्यम बांध्याचा पोरगा. बॉल कुठे जाईल हे त्याला स्वतःला माहीत नसायचं. १९६० मध्ये स्टॉकटनकडून १७० इनिंगमध्ये २६२ स्ट्राइकआउट आणि वॉक किती, तर तेही २६२! असा आकडा जुळवून आणायचा म्हटलं तरी जुळणार नाही.

१९५८ मध्ये लष्कराच्या तळावरच्या यंत्राने त्याचा वेग मोजायचा ठरलं. आदल्या दिवशी पूर्ण मॅच टाकून आलेला, टाकायला मातीचा उंचवटा नाही, सपाट जमीन, आणि बॉल यंत्राच्या चौकटीतून गेला तरच आकडा येणार. तो चौकटीतून जायलाच चाळीसेक मिनिटं लागली, तोवर हात मेला होता. आकडा आला ९३.५ मैल, म्हणजे दीडशे किलोमीटर. यावरून जे काय वाद घालायचे ते लोक अजून घालतात.

१९६२ ला अर्ल वीव्हर नावाचा मॅनेजर मिळाला, त्याने याला खूप काही न शिकवता सोपं करून सांगितलं, आणि पहिल्यांदाच वॉक कमी झाले. १९६३ च्या मार्चमध्ये मेजर लीगच्या टीममध्ये जागा पक्की झाल्यासारखीच होती, ड्रेसचं मापसुद्धा घेतलं होतं, आणि त्याच दिवशी सरावाच्या मॅचमध्ये कोपरात काहीतरी तुटलं. संपलं. पुढे दारू, कॅलिफोर्नियात शेतात मजुरी, बरीच वर्षं घरच्यांनाही पत्ता नाही, शेवटी बहिणीने गावी आणलं. एप्रिल २०२० मध्ये कोविडने गेला.

प्र. जॅकी रॉबिन्सन पहिला काळा खेळाडू ना?

१९४७ चा रॉबिन्सन हा विसाव्या शतकातला पहिला. त्याच्या ६३ वर्षं आधी, १८८४ मध्ये, मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलिडोकडून मेजर लीग खेळला होता, ४२ मॅच, तेही कॅचर म्हणून, धड ग्लोव्ह नसायचे त्या काळात. कॅचरने खुणा करायच्या आणि पिचरने त्याप्रमाणे बॉल टाकायचा अशी पद्धत. टोलिडोचा पिचर टोनी मुलेन याने बऱ्याच वर्षांनी स्वतःच कबूल केलं की वॉकर आपल्याला मिळालेला सगळ्यात भारी कॅचर, पण काळ्या माणसाकडून खुणा घ्यायच्या नाहीत म्हणून आपण त्याच्या खुणा न बघता मनाला येईल ते टाकायचो. म्हणजे कुठला बॉल येणार हे माहीत नसताना हा माणूस जवळपास उघड्या हातांनी तो पकडत होता. आपल्याकडे बाळू पालवणकरांच्या बॉलिंगवर मॅच जिंकायच्या आणि चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर वेगळ्या मातीच्या कपात द्यायचा, तीच जात. १८८७ मध्ये वॉकर खालच्या लीगमध्ये खेळत असताना त्या लीगच्या मालकांनी काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असा ठराव केला, आणि दार हळूहळू बंद झालं.

काळ्या खेळाडूंनी मग स्वतःच्या लीग्ज काढल्या, त्याच निग्रो लीग्ज. २०२० साली मेजर लीगने त्यातल्या सात लीग्जना मेजर दर्जा दिला आणि २०२४ पासून ते आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये आले, त्यामुळे आजच्या घडीला आयुष्यभराच्या अॅव्हरेजमध्ये पहिलं नाव जॉश गिब्सन, .३७२.

प्र. बायका खेळल्यात का पुरुषांच्या टीममध्ये?

टोनी स्टोन, १९५३, इंडियानापोलिस क्लाउन्स, निग्रो लीग. सेकंड बेसला. याच टीममधून पुढे महान बॅटर ठरलेला हँक अॅरन आदल्या वर्षी मोठ्या टीमकडे गेला होता. स्कर्ट घालून खेळ म्हणाले तर नाही म्हणाली. तिच्या पाठोपाठ मेमी जॉन्सन आली, पिचर. बायकांची वेगळी लीग तेव्हा होती, पण ती गोऱ्या बायकांसाठी, मेमीला तिथे ट्रायलसुद्धा दिली नाही.

प्र. बेसबॉल खेळाडू गुप्तहेर होता हे फार ताणलेलं वाटतं.

मलाही वाटलं होतं. मो बर्ग, कॅचर, मेजर लीगमध्ये १५ सीझन, बॅटिंग यथातथाच, सगळे मिळून ६ होम रन (आपल्या सिक्ससारखा फटका). पण प्रिन्स्टनला भाषा शिकलेला, त्यात संस्कृतसुद्धा बरं का, आणि वर कोलंबियाची वकिली. त्याच्याबद्दल सहकारी म्हणायचे की हा सात भाषा बोलतो पण एकाही भाषेत बॅटिंग येत नाही. रोज पेपरांचा गठ्ठा घेऊन बसायचा आणि त्याचं वाचून व्हायच्या आत दुसऱ्या कुणी पेपरला हात लावला की तो पेपर याच्या लेखी मेला, दुसरा विकत आणणार. आमच्या आजोबांचंही सकाळच्या पेपरबाबत असंच होतं, फक्त ते दुसरा आणत नसत, दिवसभर कुरकुरत असत.

१९३४ ला बेब रूथ वगैरेंबरोबर जपान दौऱ्यावर गेला, तिथे टोकियोतल्या एका हॉस्पिटलच्या गच्चीवर चढून शहराचं शूटिंग केलं. लढाईत अमेरिकेच्या हेरखात्यात. डिसेंबर १९४४, झुरिच, जर्मन शास्त्रज्ञ हायझेनबर्गचं लेक्चर, श्रोत्यांमध्ये बर्ग, खिशात पिस्तूल. जर्मन अणुबॉम्बच्या जवळ आलेत असं वाटलं तर गोळी घाल, अशी कामगिरी. त्याने ऐकलं, जेवणानंतर हायझेनबर्गबरोबर रस्त्याने चालत गप्पाही मारल्या आणि ठरवलं की नाही, हे लोक जवळ नाहीत. पिस्तूल खिशातच राहिलं. नंतरची पंचवीस वर्षं त्याने नोकरी अशी केलीच नाही, भाऊ आणि बहीण यांच्या घरी राहिला.

प्र. भारतातून कुणी?

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघे उत्तर प्रदेशचे, भालाफेकवाले. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. त्याआधी बेसबॉल हातातसुद्धा धरला नव्हता. मेजर लीगपर्यंत कुणी पोचलं नाही. रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. तुम्ही शोधायला गेलात तर आयपीएलवाला रिंकू सिंगच वर येईल, तो हा नव्हे.

प्र. या सगळ्यांत तुमचा सगळ्यात आवडता किस्सा?

वर हर्ब म्हणालो, पण किस्सा म्हटलात तर विल्यम हॉय. लहानपणीच्या आजारात ऐकणं गेलं, आधी चांभारकाम केलं, मग १८८८ ते १९०२ मेजर लीग, २००० च्या वर हिट्स. १८८९ मध्ये एका मॅचला आउटफील्डमधून थेट फेकी करून तीन जणांना घरच्या बेसवर आउट केलं होतं. त्या काळी मुक्याबहिऱ्यांना सरसकट जे टोपणनाव द्यायचे तेच त्यालाही चिकटलं, मी इथे लिहीत नाही. अंपायरच्या हाताच्या खुणा त्याच्यामुळे सुरू झाल्या असं सांगतात, दुसरे त्याचं श्रेय बिल क्लेम नावाच्या अंपायरला देतात, ते भांडण चालू दे. १९६१ च्या वर्ल्ड सिरीजला सिनसिनाटीत तिसऱ्या मॅचचा मानाचा पहिला बॉल त्याने टाकला, वय ९९, आणि दोन महिन्यांनी गेला.

पण किस्सा १६ मे १९०२ चा. हॉय सिनसिनाटीकडून, समोर न्यूयॉर्कचा पिचर ल्यूथर टेलर, तोही ऐकू न येणारा. मेजर लीगमध्ये असे दोघे समोरासमोर पहिल्यांदाच. हॉय बॅटिंगला आला, बॅट सावरली, आणि टेलरला हातांनी खूण केली, तुला भेटून बरं वाटलं. आणि मग त्याच्याच बॉलवर हिट मारून पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला.